सहा मिलिमीटर

रावपुऱ्यात, दुसऱ्या मजल्यावर,
चार ग्लास पाणी पिऊन तासभर रोखून धरलेलं.
पोटावर गार जेल.
पारुलबेन पडद्यावर दोन ठिपके ठेवतात,
मधलं अंतर मोजतात,
पुन्हा मोजतात.

'डावी किडनी थोडी फूलेली छे. सहा मिलिमीटर.
बहुतेक आपोआप उतरते. महिन्याने परत बघू.'

भिंतीवर पाटी: मुलगा की मुलगी, विचारू नये.
नाहीच विचारलं.
तुला नाव नाही, चेहरा धूसर,
आणि मला पाठ झालीय
तुझ्या आतल्या एका काळ्या थेंबाची रुंदी.

बाहेर हेरंब बोटांत अंतर धरून बसलेला:
'म्हणजे केवढं गं?'
'कमोदचा एक दाणा,' म्हणत मी
मोरीकडे पळते.

कडी लावताना पुटपुटते,
कोण असशील ते,
तूही सोड आता.