खरवडणी

यमकनमर्डीच्या अलीकडे, रस्ता खाली उतरतो तिथं
तुर्काची मशीद.
कोण तुर्क, विचारू नका. बंदगीसाब म्हणतो,
तोफा ओतायला आला विजापूरच्या पदरी
आणि ताप येऊन इथंच थांबला.
शेवंताक्का म्हणते, ताप कसला, बाईल होती गावातली.
कागदावर दोन्ही नाही.

मला मोजून दिलंय काम: मेहराबीभोवतीची सात फुलं
चुना खरवडून मोकळी करायची. लोखंड लावायचं नाही,
हिरेमठ मॅडमनी बजावलंय, एकदा कन्नडात, एकदा मराठीत.
म्हणून बांबूची चिपाटी आणि ओलं फडकं.

वरचा थर निळसर, गेल्या ईदेचा.
त्याखाली डिस्टेंपर, कुणा पुढाऱ्याच्या भेटीचा.
मग पिवळी माती: प्लेगात गाव माळावर गेलं होतं,
परतल्यावर घराघराला लावली, उरली ती इथं.
मग काजळी. ती किती दिव्यांची, कोण सांगणार.
आणि मग खरा चुना, गूळ-हिरड्याचा,
भिजला की अजून गोडसर वास सुटतो.
एक मुंगी आली चौकशीला.

फुलाला गावात नावं आहेत.
निपाणीकडच्या सुना म्हणतात, तंबाखूचं बोंड.
पोरं म्हणतात, लसूण.
मॅडमच्या मोबाइलात ट्युलिप,
तिकडं बर्फ वितळला की उगवतं म्हणे.
इथला बर्फ गोळेवाल्याच्या गाडीवर, तोही जत्रेत.

सहा निघाली. सहाही मोबाइलातल्यासारखी,
मान ताठ, पाकळ्या मिटून.
सातव्याचं टोकच सापडेना.
वाटलं, आपणच मोडलं, चिपाटी जास्त दाबली.
पाठीतून घाम उतरला.
फडकं फिरवलं.

पाच पाकळ्या. सताड उघड्या.
बाजूला वळलेला तणावा,
धरायला काठी शोधणारा.
दोडक्याचं फूल.
आमच्या परसात आत्ता आहे, तसलंच.

मॅडमनी फोटो काढला. वहीत लिहिलं:
नंतरची दुरुस्ती, पुढं प्रश्नचिन्ह.
बंदगीसाब टोपी काढून डोकं खाजवत राहिला.
"इसरला असंल," म्हणाला,
"इतकी वर्सं झाल्यावर घरचं फूल कुणाच्या ध्यानात ऱ्हातंय."

शेवंताक्का उंबऱ्याबाहेर शेण्यांची पाटी टेकून उभी होती.
"इसरला न्हवं," ती म्हणाली,
"जेवला."