प्रॉम्प्टरचा जबाब

नाव लिहा, वासुदेव लहानू गुरनुले.
धंदा प्रॉम्प्टर.
म्हणजे जी, पडद्याआडून दुसऱ्याची वाक्यं
पाव ओळ आधी बोलाची.
नटाले आयकू गेलं पायजे, लोकाइले नाही.
बावीस सालं झाली साहेब,
माहा आवाज अजून कोणी आयकला नाही.

मंडईची रात होती. दिवसा शंकरपट झाला,
अंधार पडल्यावर कापलेल्या बांधीत खड्डा खणून
लोकं बसले. बायाइच्या अंगावर घोंगड्या,
लेकराइच्या हातात मुरमुऱ्याच्या पुड्या,
रहेमतचे पोंगे दोन्ही आंब्यावर.

पडदा उघडाच्या आधी मेकअपच्या खोलीत
(खोली म्हणजे शाळेचा वर्ग, तिसरी ब)
सहा पोरं आले.
हात जोडून आले, हे आधी लिहा.
म्हणे, काका, गुराख्याचं थे वाक्य काढा.
म्हटलं, कोणतं?
तोंडानं सांगतलं नाही त्याइनं.
वहीवर बोट ठेवलं.

मंडळाचा अध्यक्ष म्हणे, काढा,
निम्मे पैसे अजून माह्याच खिशात हायेत.
रहेमत म्हणे, काढा जी,
बोलसान तुमच्या देवाले,
दगड येईन माह्या पोंग्याले.

(तीन सालांखाली याच रहेमतच्या चुलत्यानं
दर्ग्यावरची एक हशाची ओळ कापाले लावली होती.
तवा हेच पोरं म्हणत,
कलेले मोकळीक पायजे.
हे लिहू नका.
नाहीतं लिहा.)

मी लाल पेननं कापलं.
बाजूले सही केली. सवय हाये.

दुसरा अंक, चवथा प्रवेश. रातचे अडीच.
धुकं खाली उतरलं होतं, लाइटात दिसत होतं.
दिगांबर नाकाडे काठी टेकून पाटलापुढं उभा.
पाटील म्हणते,
देवाच्या राखणीले माणसं पायजेत, येतं का?
आन् दिगांबरनं माह्याकडे पाह्यलं.

मी गप.

त्याले आठवत होतं का नाही, मले माहीत नाही.
साठी उलटली त्याची,
वाक्य कानातूनच तोंडात येते त्याच्या.
तो थांबला.
वाक्य जेवढं लांब, तेवढाच थांबला.
मंग काठी उचलली, ढोरं हाकल्यावानी "हॉ" केलं
आन् निंघून गेला आतमंदी.

खड्ड्यातले लोकं हासले साहेब.
सगळे नाही.
ज्याइनं मागच्या हप्त्यात पल्याडच्या गावात
हेच नाटक पाह्यलं होतं, थे हासले.
मंग बाकीचे, हे हासतात म्हणून.
एक म्हातारी तं शेजारणीले समजावून सांगे,
काय म्हणाला नाही थे.

तक्रारीत लिहिलं हाये,
न उच्चारलेल्या वाक्यामुळे भावना दुखावल्या.
दोनदा वाचलं मी. शुद्धलेखन बराबर हाये.

रहेमतचा एक पोंगा फुटला.
दगड कोणाचा, हे मले नका विचारू.
दिगांबरले आता विनोदी काम देतात.
तो पडून दाखवते, लोकं हासतात,
कोणाचं काहीच दुखत नाही,
त्याचा गुडघा सोडून.

तुम्ही म्हणता, वाक्य नेमकं काय होतं,
तपासाले लागते.
मोठ्यानं येत नाही मले. जवळ या. लिहा:
"ढोराले राखण लागते गा पाटील.
देवाले कायले लागते?"

लिहिलं?
हासले का जी?
नाही? बरं.
मंग शिक्का मारा त्याच्यावर,
आन् फिर्यादीले वाचून दाखवा,
मोठ्यानं. तसा नियम हाये म्हणतात.

आजून एक. याचा केसशी संबंध नाही.
घरी बायको म्हणते, झोपेत बडबडता तुम्ही,
भितीपल्याडचे जागे असतात.
म्हटलं, काय बडबडतो?
म्हणे, आयकू येत नाही बराबर.
पण मधात एका जाग्यावर थांबता.
मी उठून बसतो अंधारात,
वाट पाहतो,
पुढचं येईन म्हणून.