ना हरकत

उद्यमबागेतल्या आमच्या फौंड्रीत
ओतलेलं लोखंड साच्यात किती वेळ ठेवायचं
हे मला कुणी घड्याळात दाखवलं नाही.
लवकर फोडलास तर तडा जातोय,
एवढं सांगून मिस्त्री तंबाखू मळायला बसायचा.
उशीर केला तर काय होतं
ते विचारायचं माझ्याकडून राहून गेलं.

लखन, तुझं पत्र गुरुवारी आलं.
आज मंगळवार.
तेव्हापासून ते माझ्या खिशात आहे,
हजेरीकार्डाच्या मागं, घामानं मऊ झालेलं.
रविवारी कॅम्पवाल्यांशी सेमीफायनल होती
आणि डावीकडनं पळणारं माझ्याकडं दुसरं कोण आहे?
दुसरा गोल तू घातलास तेव्हा
मी उडी मारली, तर ते कागदाचं टोक छातीला टोचलं.

बेंगळूरचा क्लब. वसतिगृह. दोन जोड बूट.
अठरा महिन्यांचा करार,
आणि खाली तीन रेघा:
तुझी, तुझ्या आईची, सेक्रेटरीची.
तिसरी रेघ म्हणजे मी.
रेघेवर छापलंय, आमची काही हरकत नाही.
हरकत आहे की.

मी फोन लावून विचारलं,
तुमच्याकडं डाव्या पायाची किती पोरं आहेत?
चार, म्हणाला तो हिंदीतनं.
आणि हसला,
जसं मी भाजीचा दर विचारला होता.

आपलं गाव असलं आहे बघ,
घाट उतरला की गोवा, निपाणी सोडली की कोल्हापूर,
रात्री गाडीत आडवं झालं की सकाळी बेंगळूर.
कुठंही तोंड करून चाल, मोठंच काहीतरी लागतंय.
मधोमध आपलं मैदान,
एका गोलपोस्टला जाळी,
दुसऱ्याला नाही, म्हणून बॉल आणायला
दर वेळी नाल्यापर्यंत पळणारी बारकी पोरं.

वडगावात तुझ्या आईला भेटलो.
मागाच्या खडखडाटात ती ओरडून म्हणाली,
"तिथं जेवायला कोण वाढतंय?"
करारात शोधलं. कलम सहा.
'आहार', एवढाच एक शब्द.
तेच सांगितलं तिला. तिनं तुटलेला धागा जोडला
आणि माग परत चालू केला.

रेशनकार्डावर कन्नडात तू लक्ष्मण,
दहावीच्या मार्कलिस्टवर लखन.
पाठीवर ते काय छापतील, देव जाणे.

मग अल्ताफकडं गेलो.
तुला आठवणार नाही तो, तू तेव्हा बालवाडीत.
गोव्याला गेला होता, दोन हंगाम,
सगळं मिळून अकरा मिनिटं खेळला.
आता शाळेची रिक्षा चालवतो,
सीटखाली अजून पंप ठेवतो.
म्हटलं, अल्ताफ, पोराला काय सांगू?
म्हणाला, "मामा, ती अकरा मिनिटं
मी कुणाला विकणार नाही."
उठताना गुडघ्यावर हात टेकला,
आणि ज्याला शिवी दिली
तो गुडघा होता की गोवा, ते कळलं नाही.

मी स्वतः कुठं गेलो नाही.
मला कुणी बोलावलंच नव्हतं,
हे तीस वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी सांगतोय.
पोरांना वाटतं, मामा गावासाठी राहिले.
मीही तसं वाटू दिलं.

आज प्रॅक्टिस संपल्यावर
शिक्का काढला तर शाई वाळलेली.
थुंकी लावून मारला.
क्लबचं नाव अर्धंच उठलं, 'यंग बॉ' एवढंच.
तू कागद घेतलास, वाचला नाहीस.
तुला गुरुवारीच माहीत होतं.
तुलाही फोन आला असणार,
आणि तरी रविवारी तू खेळलास, माझ्याकडं न बघता.

एवढंच विचारलंस,
"मामा, बूट जमा करायचे न्हवं?"

आठ नंबरचे, डाव्याचा तळ जास्त झिजलेला.
परशानं ते तिथंच उचलले.
त्याचा पाय सहाचा.
आता नाल्याच्या कडेला बसून
पेपरचे बोळे करून पुढं कोंबतोय,
कानडी पेपर की मराठी,
बघत नाही,
कोंबतोय.