हत्यारांची मोजणी

अठ्ठेचाळीसाव्या हिश्शाला आणलेलं लढाऊ विमान
जेवणाच्या अर्ध्या टेबलावर मावतं.
उरलेल्या अर्ध्यावर हेमवती तांदूळ निवडते.
दिवा एकच. तो कुणाकडे झुकवायचा
यावरून आमची रोजची बोलणी.

खोक्यातल्या कागदावर छापलंय:
चारही नॉझल्स काळी करा.
छापणारा कधी त्याच्या पोटाखाली उताणा निजलेला नाही.
पुढची दोन थंड वारा फेकतात.
काजळी धरते ती मागच्या दोघांच्या पाठीमागे,
कुशीवर, तिरकी, शेपटीकडे निमुळती होत गेलेली.
किती चिंध्या काळ्या केल्या मी तिच्यावर.

काळा रंग विकत आणत नाही.
मुरगाव बंदरात कोळसा उतरला की
आमच्या मांगोरच्या खिडक्यांवर त्याची साय धरते.
शेजारची फिलोमेना सकाळी फडकं मारत सगळ्यांचा उद्धार करते,
मी जुन्या पोस्टकार्डाच्या कडेने ती साय गोळा करतो,
खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत भरतो.
जळलेल्या इंधनाच्या इतकं जवळचं काळं
दुकानात मिळत नाही.

बोटं आता ऐकत नाहीत.
परवा पंखाखालचं चाक, तुरीच्या दाण्याएवढं,
चिमट्यातून उडालं.
मी गुडघ्यांवर, हातात बॅटरी,
फरशीचा एकेक चौकोन तपासत कपाटापर्यंत.
दाबोळीला उजाडताना आम्ही असेच निघायचो,
एका रांगेत, माना खाली घालून, धावपट्टीवरून,
काजूच्या बागेत बिया वेचायला निघाल्यासारखे.
खडा. खिळा. बाटलीचं बूच.
इंजिन काय गिळेल, सांगता येत नाही.

आणि हत्यारांची एक फळी असायची.
प्रत्येक पान्याची, पकडीची सावली
तिच्यावर लाल रंगात काढलेली.
काम संपलं की ज्याने त्याने आपापल्या सावलीवर जायचं.
एक जरी सावली उघडी दिसली
तरी विमान हलायचं नाही.

त्या दिवशी एक उघडी होती.
पिवळ्या मुठीचा बारीक स्क्रूड्रायव्हर.
उशीर झालेला, चीफ कुट्टप्पन फोनवर ओरडत होते,
आणि मी वहीत लिहिलं: संख्या बरोबर.
खाली सही. माझीच,
शाळेत गिरवून घेतलेली, वळणदार.

चाळीस मिनिटं ते वर होतं.
मी हँगरच्या दारात. समुद्र समोर.
कँटीनमध्ये कुणी पातेलं घासत होतं,
ते घासणं मला अजून ऐकू येतं.
मग ते आलं.
हवेत थांबलं, नेहमीसारखं,
उंबऱ्याशी चपला काढायला कुणी थांबावं तसं,
आणि उतरलं.

स्क्रूड्रायव्हर रात्री सापडला,
माझ्याच रेनकोटच्या फाटक्या अस्तरात.
सकाळी फळीवर टांगला.
वेळेत विमान दिलं म्हणून कुट्टप्पननी चहा पाजला.
तो मी प्यायलो. साखर जास्त होती.
वैमानिक आता कोईमतूरला असतो,
दिवाळीला न चुकता मेसेज करतो.

गेल्या महिन्यात, धडाचे दोन भाग चिकटवण्याआधी,
मेणबत्तीवर प्लॅस्टिकची काडी ताणून बारीक केली,
कणीएवढा तुकडा कापला,
टोकाला पिवळा ठिपका दिला
आणि आत सोडला. तसाच, सुटा.
मग सांधा मिटवला, घासला,
नख फिरवलं तरी लागू नये इतका.

आज फिलोमेनाचा नातू ज्योएल आला.
सगळे वरून बघतात, तोही वरूनच बघत होता.
मग त्याने ते पंखाला धरून उचललं,
कानाशी नेलं, हलवलं.
"अंकल, भितर कितें तरी आसा."

हेमवतीने सुपातून मान वर केली.
"तांदळाची कणी गेली असेल."

मी म्हटलं, हळू धर रे.
पोटाचा रंग अजून ओला आहे.