पंधरा लिटरचा डबा

शनिवारी दुपारी मी भवानी पेठेत जातो.
तीळतेल, पंधरा लिटर, एक डबा.
दुकानदार मला भजीवाला समजतो.
मी कधी नाही म्हटलं नाही.

स्कूटरवर दोन पायांत डबा धरून
हडपसरपर्यंत यायचं.
हॉलच्या मागच्या खोलीत नरसाळं, जुनं धोतर फाडून केलेली फडकी,
आणि पन्नास मिलीच्या तीनशे बाटल्या.
लेबलं सुलोचना चिकटवते.
त्यावर जैतुनाची फांदी, खाली ब्रदर आमोस रणभिसे,
हात उंचावलेले, पांढरा कोट.
जैतुनाचं झाड आम्ही दोघांनीही
जन्मात पाहिलेलं नाही.

"हे विकायचं नसतं,"
ब्रदर माईकवर सांगतात,
"ही प्रेमाची देणगी."
मग पडद्यावर येतं : अडीचशे.
आमेन, म्हणते मंडळी.
मीही म्हणतो, मागून, हात पुसत.

येरवड्यात पत्र्याच्या खोलीत आम्ही अकरा जण होतो.
पेटी फुटकी, तिचे दोन सूर मुके.
तेव्हा ते ब्रदर नव्हते, नुसता आमोस,
दापोडीच्या वर्कशॉपमधला फिटर,
नखांत कायम ग्रीस.
माझे वडील ससूनला होते, शेवटच्या आठवड्यात.
तीन रात्री तो खाली फरशीवर बसला.
त्यांची उलटी त्यानं स्वतःच्या शर्टानं पुसली,
आणि प्रार्थना इतकी हळू केली
की शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यालाही जाग आली नाही.
सकाळच्या चहाचे पैसेही
त्यानंच दिले.

ते मी विसरलो नाही.
म्हणून तर तेल भरतो,
असं मी सांगतो लोकांना.
बाटलीमागे बारा रुपये मिळतात मला,
हे सांगत नाही.

गेल्या रविवारी
मांजरीहून दोन बस बदलून
सरूबाई उजागरे आल्या.
ब्रेडच्या पिशवीत सात रिकाम्या बाटल्या,
धुतलेल्या, उन्हात वाळवलेल्या,
लेबलाला ओरखडाही नाही,
कारण त्यावर देवमाणसाचा फोटो.
नातवाचा पाय. वर्ष झालं.
म्हणाल्या, "बाळा, ह्या परत घेता का?
घेतल्या तर पुढच्या बाटलीत काही कमी होईल?"

गुण आला नाही, असं त्या म्हणाल्या नाहीत.
म्हणाल्या, "माझ्याच विश्वासाला
कुठंतरी गळती असेल."

गळती मला कळते.
डबा कुठं पाझरतो, झाकण कुठं ढिलं,
अंधारातही बोटांना समजतं.
बारा साते चौऱ्याऐंशी,
डोक्यात आपोआप झालं, मी केलं नाही.

सांगायचं होतं एकच वाक्य :
मावशी, हे भवानी पेठेतलं आहे.
दातांपर्यंत आलं.
तिथून परत गेलं.

मग मी काय केलं?
साती बाटल्या भरून दिल्या, फुकट,
काठोकाठ.
त्यांनी माझा हात कपाळाला लावला.
"प्रभू तुला भरून देईल," म्हणाल्या,
आणि बसस्टॉपकडे गेल्या,
पिशवी बाळासारखी पोटाशी धरून.

खोटं विकत होतो तोवर
निदान हिशेब तरी होता.

रात्री साबण लावला, राख लावली.
सुलोचना म्हणाली, "अहो, पुरे, कातडं सोलवटेल."
मला आमोसचा तो शर्ट आठवत होता,
निळ्या चौकड्यांचा,
ससूनच्या नळाखाली तो एकटाच धुत होता तो.
आता विचारलं, तर त्याला आठवेल का?
की साक्ष म्हणून
त्याचीही क्लिप करून ठेवली असेल?

आज पुन्हा शनिवार.
दुकानदारानं डबा काउंटरवर ठेवला.
"काय, गर्दी असते का गाडीवर?"
"माझी गाडी नाही," मी म्हणालो. "भजी नाही तळत मी."
त्यानं चष्मा वर सरकवला.

"मग एवढ्या तेलात
तळता तरी काय?"