सातवी सही

संस्थेला सात माणसं लागतात.
सहा जमली होती जनकगंजातली:
मी, माझ्या भिशीतल्या दोघी,
होमिओपॅथीचे रेडकर,
बँकेतून निवृत्त सुधन्वा मोघे, ज्यांना कलमात उपकलम दिसतं,
आणि शिवणक्लासवाली मृणाल, जिच्या ओसरीवर
आमची सगळी इस्टेट:
दोन व्हीलचेअर, कमोडची एक खुर्ची, चार वॉकर
आणि दिवाळीपासून बंद पडलेलं ऑक्सिजनचं यंत्र.
ज्याला लागेल त्यानं न्यावं, काम झालं की पुसून परत द्यावं.

यंत्रासाठीच सोडत काढली संक्रांतीला.
वीस रुपये तिकीट. पहिलं बक्षीस कुकर, दुसरं रजई,
मग पाच जणांना गजक.
बिस्किटांच्या डब्यात चिठ्ठ्या खळखळत होत्या
आणि हवालदार दारात.
'ये क्या सट्टा चल रहा है?'
डब्यात वाकून बघितलं, व्हीलचेअर बघितली, टोपी सारखी केली.
'रजिस्ट्रेशन करा लो, माताजी.'
जाताना दोन तिकिटं घेऊन गेला, पैसे देऊन.

मग मोघ्यांच्या टेबलावर नियमावली.
'उद्देश' या एका शब्दाखाली तीन संध्याकाळी गेल्या.
लॉटरी म्हणायचं नाही. सोडत? कूपन? सहायता-चिठ्ठी?
नफा नाही, हे चार ठिकाणी लिहिलं,
जणू नफा दाराशी चप्पल काढून उभाच होता.
संस्था बुडाली तर उरलेलं कुणाला, तेही लिहायचं असतं.
जन्माच्या कागदावर आधी मृत्यूची सोय.
मृणाल म्हणाली, वॉकर कसे बुडतील?
मोघ्यांनी तरी लिहिलं.

सातवं नाव सापडेना.
जो तो विचारी, 'पुढे काही लफडं तर नाही ना?'
शेवटी रेडकर खाली बघत म्हणाले, दामू भोईटे.
कुणी बोललं नाही.
दामू भोईट्यांनी पानाच्या ठेल्यामागे
तीस वर्षं आकडा लिहिला. दोन वेळा आत जाऊन आले.
त्यांची बायको गेली तेव्हा आमचीच खुर्ची होती त्यांच्याकडे.
पुसून दिली होती. चाकांना तेलही घातलं होतं.

आले. चष्मा लावून नियमावली पहिल्यापासून वाचली
आणि म्हणाले, यात खोट आहे.
ज्यानं तिकिटं विकली, त्यानं चिठ्ठी काढायची नाही.
सभासदांच्या घरात बक्षीस जायचं नाही.
न विकलेली तिकिटं सगळ्यांसमोर फाडायची, आधी.
'लोक हरायला तयार असतात, ताई.
फसायला नसतात.'
मोघ्यांनी मुकाट नवं कलम घातलं. उपकलमाशिवाय.

कचेरीत बाबूनं नावं वाचली, हुद्दे वाचले.
सातव्यापाशी थांबला. 'व्यवसाय?'
आम्ही सहा जण पंख्याकडे बघू लागलो.
'आंकड़े लिखता था,' दामू म्हणाले. 'अब छोड़ दिया.'
बाबूनं क्षणभर पेन धरलं,
मग लिहिलं: सेवानिवृत्त लेखापाल.

प्रमाणपत्र आलं तेव्हा बाहेर लू सुटली होती.
प्रत्येकानं ते हातात घेतलं, लहान मूल घ्यावं तसं,
खालून आधार देत.
दामूंनी नोंदणी क्रमांक बोटानं चाचपला,
चार, सात, नऊ,
ओठ हलले:
'वीस. म्हणजे मिंडी.'
आणि जीभ चावली.

दुसऱ्या सोडतीला यंत्राचे पैसे पुरे नाही पडले.
तेराशे कमी. रजई गेली बहोडापूरच्या एका पोराला,
मे महिन्यात.
चिठ्ठी निघेपर्यंत दामू गल्लीत उभे होते,
ओसरीकडे पाठ करून, सावलीत न जाता.
आत नंबर पुकारला की त्यांची मान
जराशी हलायची,
उजवीकडे, नकळत.