व एक महिला

वैजू घरत येते दुपारी, गिऱ्हाईक नसताना,
आणि चिंध्यांच्या टोपलीत हात घालते
कोळंबी निवडावी तशी.
मांजरपाट हवा, म्हणते, जुना, पाणी प्यालेला.
खडूची खूण राहिली असेल तर उत्तमच.

करंजाड्यात, आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये
तिने एक दार आडवं टाकलंय.
गावचं दार. घर पाडलं तेव्हा
भावाने पंखा घेतला, काकाने पत्रे,
हिने दार.

त्या दारावर आता एक वैमानिक बाई.
टोपी फाटक्या चपलेच्या चामड्याची.
चष्म्याला सोड्याच्या बाटल्यांची बुडं.
गळ्यातला रुमाल माझ्याकडचा,
भोईरबाईंच्या ब्लाऊजमधून उरलेला,
वाऱ्यावर उडतोय असा खळ लावून ताठ केलेला.
चेहरा झेरॉक्सचा: शंभर वर्षांपूर्वीचा कुठलासा फोटो,
खाली पाच पुरुषांची नावं
आणि शेवटी, 'व एक महिला'.
तेवढेच शब्द कापून वैजूने
तिच्या छातीवर बिल्ल्यासारखे डकवलेत.

पंख पत्र्याचे करणार? मी विचारलं.
"कापडाचे, मावशी. तेव्हा कापडाचेच असायचे.
लाकडाच्या फासळ्या, वर ताणून शिवलेलं कापड."

शिवलेलं?
म्हणजे कुणीतरी मांडीवर घेऊन, दोरा ओठांत ओला करून,
टाके मोजत बसलं असणार.
म्हणजे ही बाई वर गेली ती
कुणाच्या तरी टिपेवर.

वैजू गप्प झाली.
तिच्या पुस्तकांत शिवणारीचा फोटो नव्हता.

दुसऱ्या दिवशी पंख घेऊन आली, अर्धाच.
म्हणाली, उरलेला तुमचा.

मी दुहेरी टीप घातली. शेवटची गाठ आतून,
आई सांगायची, गाठ दिसली की काम कच्चं.
मग उसवली
आणि वरून मारली.

परवा विमान गेलं, इतकं खालून
की मशीनवरची बॉबिन पडून घरंगळली.
वैजूने मान वर केली नाही.
ती दाराच्या तळाशी मिठागराचा चिखल लिंपत होती,
गोणीतून आणलेला,
वाळला की पांढरा पडतो, भेगाळतो.

ही उतरणार कुठे गं?
"आमच्या पडवीत," म्हणाली,
"धावपट्टी तिथूनच जाते."

चित्र वाशीला न्यायचंय. टेम्पोवाला आठशे मागतो.
किंमत काय लावायची, ते ठरलेलं नाही.
दाराची कडी मात्र तिने काढली नाही.
येता-जाता मुलं वाजवतात.
कोयंडा तिकडेच राहिला,
डांबराखाली.